सुरगाठ

नारायण पेठ, पुणे
१३ ऑगस्ट २००१

चि. सरू,

आशीर्वाद. फोनच करणार होते, पण फोनवर तू निम्मं ऐकतेस आणि निम्मं पदरचं घालतेस, म्हणून पत्र.

आमच्या वरच्या मजल्यावरचा अनिरुद्ध तुला आठवत असेल. खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. सकाळी साडेसातला कंपनीची बस त्याला उचलते आणि अंधार पडल्यावर आणून टाकते. एवढ्या धबडग्यात त्यानं फिल्म क्लबची वर्गणी भरून ठेवली आहे. परवाच्या शनिवारी दुपारी त्याला ऑफिसनं बोलावलं, म्हणून पास माझ्या हातात ठेवून म्हणाला, "बाई, तुम्ही जाऊन या. वॉर फिल्म आहे, पण मारामारी नाही." फुकटच्या पासाला मी नाही म्हणत नाही, हे तुला माहीत आहे.

सिनेमा युरोपातला, काळापांढरा. युद्ध चालू आहे, स्टेशनवर पळून जाणाऱ्या माणसांची गर्दी, सगळीकडे बर्फ. पाच वर्षांच्या मुलाचा आईच्या हातातला हात सुटतो. ती डब्यात, तो फलाटावर, आणि गाडी सुटते. पुढे तीन हिवाळे तो मुलगा गावोगाव भटकतो आणि आई रोज स्टेशनवर जाऊन उभी राहते. शेवटी एक गाडी येते, थांबते, एका डब्याच्या दाराची मूठ आतून फिरते आणि सिनेमा संपतो. दार उघडलेलं दाखवतच नाहीत. पुण्याची माणसं सिनेमा संपला की चहाला पळतात. परवा कुणी खुर्चीतून उठेना.

पण मी ते सांगायला लिहीत नाही. त्या फलाटावरच्या गर्दीत, ट्रंकांच्या ढिगाशेजारी, आणखी एक मूल पाठमोरं उभं होतं. बाकी सगळे ओव्हरकोट आणि बूट घातलेले. हे मूल अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, बर्फात अनवाणी. मनगटाला कापडाची पट्टी बांधलेली आणि तिचं मोकळं टोक खाली लोंबत होतं. रुईफुली काठ होता, सरू. आईच्या लुगड्याचा.

तो आपला उत्तरेश्वर होता. मार्च बेचाळीसमध्ये टांगूपच्या धक्क्यावर चार वर्षांचा होता, तेवढीच उंची. मला वेड लागलेलं नाही. घरी आल्यावर आधी तेच तपासलं. एकोणतीसपर्यंतचे पाढे न चुकता म्हटले.

तुझी,
ताई


इंदूर
२१ ऑगस्ट २००१

ती. ताईस,

वाकून नमस्कार. पत्र पोचलं. सौमित्रनं विचारलं, मावशी काय म्हणते, तर मी सांगितलं, सिनेमा पाहून आली. पुढचं सांगितलं नाही. मुलाला आईच्या माहेरचं एवढंच माहीत आहे की एक मामा लहानपणी, जपानी आले तेव्हा, ब्रह्मदेशातून चालत येताना गर्दीत हरवला. तेवढं पुरे आहे.

ताई, डॉक्टरांनी तुला मार्चमध्येच सांगितलं होतं की डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे. तू तो लोणच्यासारखा मुरवत ठेवला आहेस. अंधाऱ्या हॉलमध्ये, पांढऱ्या बर्फावर, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी माणसाला काय काय दिसेल. शिवाय कुठला तो बर्फ आणि कुठलं आपलं टांगूप. तिथे उकाड्यानं जीव जात होता. आपण भाजलेल्या पायांनी डोंगर उतरलो होतो, ते मला सातव्या वर्षातलं असूनही आठवतं.

इकडे पाऊस बरा आहे. सूनबाईनं दारात कुंड्यांची रांग लावली आहे आणि सगळ्यांचं पाणी माझ्याकडे सोपवलं आहे. गुडघ्यांचं तेच. दिवाळीला तुझ्याकडे यायचं मनात आहे, यंदा अधिक महिन्यामुळे दिवाळी लांबली तेही बरंच झालं.

असले सिनेमे पाहू नकोस.

तुझी,
सरू

ता. क. पट्टी कोणत्या हाताला होती?


नारायण पेठ, पुणे
३ सप्टेंबर २००१

चि. सरू,

कुंड्या, गुडघे, अधिक महिना, आणि खरा प्रश्न ताज्या कलमात. शाळेत असतीस तर निबंधाचे गुण कापले असते.

पट्टी डाव्या हाताला होती. उजवा हात दिसला नाही, ट्रंकेआड होता.

अनिरुद्धनं कुणाकडून तरी त्या सिनेमाची व्हीसीडी आणून दिली. त्याच्याच कॉम्प्युटरवर लावतो. हवं तिथे चित्र थांबवायचं कसं, तेही मला शिकवलं. मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला, एक बटण मला जड नाही. त्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते, दुपारी चारला चहा झाला की मी वर जाते. पहिल्या तबकडीत, बाराव्या मिनिटाला, तो फलाट येतो.

आता हे नीट वाच. क्लबमध्ये पाहिला तेव्हा तो पूर्ण पाठमोरा होता. गेल्या सोमवारी त्याचा उजवा कान दिसत होता. काल गालाची कड दिसली. तो वळतो आहे, सरू. सिनेमा चालू असताना नाही, दोन दिवसांच्या मधल्या वेळात.

मला सारखी ती सकाळ आठवते. पुढे होड्यांना गर्दी असेल म्हणून आईनं आदल्या दिवशी लुगड्याचे काठ फाडून दोन पट्ट्या काढल्या. उत्तूला मध्ये ठेवलं. त्याचं डावं मनगट माझ्या उजव्या मनगटाला, त्याचं उजवं तुझ्या डाव्याला. त्याच्या बाजूला निरगाठ आणि आपल्या बाजूला तिची ती दोन वेढ्यांची सुरगाठ. कुणी पाण्यात पडलं तर बाकीचे ओढले जाऊ नयेत म्हणून. एका हिसक्यात सुटायची, पण आपली आपल्याला बांधता यायची नाही, त्याला समोर दुसरं माणूस लागायचं. आणि मग धक्क्यावरच्या रेटारेटीत गाठी आपोआप सुटल्या. आईनं अप्पांना तेच सांगितलं, "माझीच गाठ ढिली पडली."

त्यानंतर तिनं जन्मात सुरगाठ मारली नाही. परकराच्या नाडीपासून पिठाच्या पुरचुंडीपर्यंत सगळ्याला निरगाठ, आणि सोडताना दातांनी ओढायची. शेवटी दात पडले तेव्हा मी सोडून द्यायची.

आजपासून पितृपक्ष. तिनं त्याचं कधी पान वाढलं नाही. भाऊबीजेला त्याच्यासाठी रिकामा पाट मांडून आपल्याला ओवाळायला लावायची, आणि म्हणायची, भाऊ आहे तोवर चंद्राला ओवाळायचं नाही. मी अजून पाट मांडते. तूही मांडत असशील.

ताई


इंदूर
१५ सप्टेंबर २००१

ती. ताईस,

नमस्कार. इकडे चार दिवस टीव्हीवर अमेरिकेतलं तेच तेच दाखवताहेत. माणसं आपल्या माणसांचे फोटो छातीशी धरून रस्त्यानं विचारत फिरतात. मी बंद करायला लावला. सौमित्र म्हणाला, आई, तुला काय झालं. काही नाही म्हटलं.

तू लिहितेस ते मला आवडलेलं नाही. एकदा काढलेला सिनेमा बदलत नसतो. तू रोज दुपारी एकटी परक्या खोलीत बसून एकाच चित्राकडे टक लावतेस, मग ते हलणारच. आधी ऑपरेशन करून घे. डोळा साफ झाला की ते मूल आपोआप नाहीसं होईल, आणि नाही झालं तर मला सांग.

पट्टी डाव्या हाताला होती हे वाचून मला जरा बरं वाटलं. का ते विचारू नकोस.

पाटाबद्दल लिहिलंस. आमच्याकडे पद्धती वेगळ्या होत्या, तुला माहीतच आहे.

दिवाळीचं जमेलसं वाटत नाही. गुडघे फारच धरले आहेत.

सरू


नारायण पेठ, पुणे
६ ऑक्टोबर २००१

चि. सरू,

सव्वीस तारखेला ऑपरेशन झालं. अनिरुद्धनं रजा काढली. त्याचं अमेरिकेला जायचं होतं, ते पुढे ढकललं गेलं आहे, त्यामुळे सध्या त्याच्याकडे वेळ आहे आणि चेहरा पडलेला आहे. पट्टी निघाल्यावर मला समोरच्या गच्चीवरच्या दोरीला किती चिमटे आहेत तेही मोजता आले. सोळा.

परवा डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मी वर गेले. तुझं म्हणणं होतं की डोळा साफ झाला की ते मूल जाईल.

आता त्याचा अर्धा चेहरा दिसतो. भुवईवरची ती खोक दिसते, रंगूनच्या घरात उंबऱ्यावर पडला होता ती. हनुवटीला काहीतरी चिकटलं आहे. खाणं असावं. तो ट्रंकेपासून दोन पावलं पुढे आला आहे आणि खऱ्या कथेतल्या मुलापेक्षा आता आपल्याला जवळ आहे. इतके दिवस त्याच्याभोवतीची माणसं त्याला ओलांडून जायची. आता जागा सोडून जातात.

अनिरुद्धला चित्र थांबवून छापून द्यायला सांगितलं. त्यानं दिलं. सोबत पाठवते आहे. मी काही लिहीत नाही, तू पाहा आणि तुला काय दिसतं ते कळव.

मी अडुसष्ट संपवून एकोणसत्तरमध्ये पडले, सरू. माझ्यामागे पाट मांडणारं कुणी नाही. या भाऊबीजेला मला ठरवायचं आहे. तो असेल तर पाट. नसेल तर एकदाचं चंद्राला ओवाळून त्याला मोकळं करायचं. पण हे मी एकटीनं ठरवायचं नाही. मला तू इथे हवी आहेस.

ताई


नारायण पेठ, पुणे
९ ऑक्टोबर २००१

ती. सरोजिनीमावशी,

सा. नमस्कार. मी अनिरुद्ध, बाईंच्या वरच्या फ्लॅटमधला. तुमचा पत्ता बाईंच्या पाकिटावरून घेतला, सॉरी. मराठीत पत्र लिहायची सवय गेली आहे, सांभाळून घ्या.

बाईंनी तुम्हाला एक प्रिंट पाठवली आहे. ती मीच काढली. मावशी, त्या फ्रेममध्ये लहान मूल नाही. फलाट आहे, ट्रंका आहेत, मागे वाफ आहे आणि मधे मोकळी जागा आहे. मी तीनदा झूम करून पाहिलं. बाईंना मात्र तसं सांगवलं नाही.

बाकी त्या एकदम नॉर्मल आहेत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींना परवाच गप्प केलं. पण गेल्या आठवड्यात मी लवकर घरी आलो, तर माझ्या कॉम्प्युटरसमोर जमिनीवर एक छोटा पाट मांडलेला होता आणि बाई बाजूच्या खुर्चीत बसून त्या पाटाकडे बघून हळू आवाजात पाढे म्हणत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "अडीचकी राहिली होती त्याची."

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. व्हीसीडीतली ती मोकळी जागा पहिल्यांदा पाहिली तेव्हा छोटी होती. आता मोठी वाटते. कदाचित मला वाटत असेल.

तुम्ही आलात तर बरं होईल.

आपला,
अनिरुद्ध


इंदूर
१९ ऑक्टोबर २००१

ताई,

छापलेलं चित्र मिळून पाच दिवस झाले. मी ते रामरक्षेच्या पुस्तकात ठेवलं, मग पुस्तक कपाटात, आणि कपाटाला कुलूप. आज काढलं.

ताई, तू मला फसवते आहेस का? पट्टी डाव्या हाताला नाही. डावा हात रिकामा आहे. पट्टी उजव्या हाताला आहे. त्याच्या उजव्या, म्हणजे माझ्या बाजूची. ती पूर्ण लोंबते आहे आणि तिच्या टोकाला सुरगाठीचे दोन वळ तसेच आहेत.

अनिरुद्धचं पत्र आलं, तो म्हणतो मूल नाहीच. मग मला कसं दिसतं?

आता लिहून टाकते, नाहीतर लिहिणार नाही. गाठ आपोआप सुटली नव्हती. होडीवर जायला चिखलातून फळी टाकली होती. अप्पा आईला होडीत बसवून आणि एक ट्रंक ठेवून परत आले आणि मला म्हणाले, ये, तुला उचलून नेतो. माझ्या पायाला फोड होते. उत्तू किरकिर करत मागे ओढत होता. मी पट्टीला हिसका दिला आणि अप्पांच्या खांद्यावर गेले. मला वाटलं, ताईकडे आहेच तो. तिची गाठ आहे. मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

होडी निघाल्यावर आईनं विचारलं, उत्तू? मी म्हटलं, ताईकडे.

अप्पा पुढच्या होडीनं परत गेले, तीन दिवस हुडकत फिरले आणि चौथ्या दिवशी अक्याब बंदरात आपल्याकडे एकटेच आले. तेव्हा मी झोपल्याचं सोंग केलं होतं. आई चाळीस वर्षं स्वतःच्या गाठीला बोल लावत गेली आणि मी तिच्या उशाशी बसून ते ऐकलं. तुला वाटत राहिलं असेल की तुझी गाठ ढिली पडली म्हणून तो गेला. तुझा काही दोष नव्हता. माझा होता.

मी तुझ्यासमोर कशी येऊ?

सरू


नारायण पेठ, पुणे
२७ ऑक्टोबर २००१

सरू,

तुझं पत्र चार वेळा वाचलं.

माझी पण आपोआप सुटली नव्हती.

धक्क्याच्या टोकाला कुठल्याशा सेवा समितीचा एक माणूस चुरमुरे वाटत होता. दोन दिवस पोटात काही नव्हतं. मला वाटलं, पळत जाऊन ओंजळभर आणावेत, उत्तूलाही देता येतील. त्याला घेऊन गर्दीत घुसता येत नव्हतं. त्याच्या दुसऱ्या हाताला तू बांधलेली होतीस. मी गाठ ओढली, त्याला म्हटलं, सरूजवळ थांब, आलेच. पहिली मूठ आणून त्याच्या तोंडात भरली आणि दुसरी आणायला पुन्हा गेले. परत आले तेव्हा गर्दीनं मला फळीवरून थेट होडीत ढकललं. तू अप्पांजवळ दिसलीस. मला वाटलं, तो तुझ्या पलीकडे असेल.

आईनं विचारलं, उत्तू? मी म्हटलं, सरूकडे.

आपण दोघी एकाच वेळी बोललो होतो. आठवतं? तू माझ्याकडे बोट केलंस, मी तुझ्याकडे. आईनं आपल्या दोघींची मोकळी मनगटं पाहिली. मग अप्पा काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "माझीच गाठ ढिली पडली." तिला खरंच तसं वाटलं, की तिनं आपल्या दोघींना पाठीशी घातलं, हे मी तिला विचारायला हवं होतं. धीर झाला नाही. आता ते कुणाला विचारणार.

एकोणसाठ वर्षं मी समजत होते की तुझी गाठ तरी खरोखर सुटली असेल. तू माझ्याबद्दल तेच समजत होतीस. मधे तो दोन्ही बाजूंनी सोडलेला उभा, आणि मोठी बहीण थांब म्हणाली म्हणून थांबलेला.

आज वर जाऊन पाहिलं. तो आता सरळ समोर बघतो. तुझं पत्र वाचल्यावर मलाही उजव्या हाताची पट्टी दिसली. दोन्ही हातांना आहेत. हनुवटीला चिकटलेले चुरमुरे आहेत.

रागावलेला दिसत नाही. तेच मला सहन होत नाही.

सोळा नोव्हेंबरला भाऊबीज. ये.

ताई


इंदूर
५ नोव्हेंबर २००१

ताई,

मी येणार नाही. मला भीती वाटते.

तुला अजून एक सांगायचं आहे. लग्न होऊन इथे आले त्या पहिल्या भाऊबीजेला सासूबाईंनी मला गच्चीत नेलं आणि म्हणाल्या, भाऊ नाही ना तुला, मग चंद्राला ओवाळ. मी ओवाळलं. त्यानंतर दर वर्षी ओवाळत आले, चव्वेचाळीस वर्षं. आईला सांगितलं नाही, तुलाही नाही. तू तिकडे पाट मांडून त्याला बोलावत होतीस आणि मी इकडून दर वर्षी तो नाही म्हणून सांगत होते. म्हणूनच तो इतकी वर्षं पाठ करून उभा होता, असं मला वाटायला लागलं आहे.

आता तो समोर बघतो म्हणतेस. कशासाठी बघतो? आपल्याला न्यायला आला असेल तर? तू पण यंदा चंद्राला ओवाळ. आपण दोघी एकाच संध्याकाळी ओवाळू आणि त्याला जाऊ देऊ. ती चकती अनिरुद्धला परत दे.

मी ते चित्र देव्हाऱ्यामागे ठेवलं होतं. काल काढून पाहिलं तर त्यात नुसत्या ट्रंका आहेत. त्याला मी आता दिसत नसेन, किंवा तो तिथून निघाला असेल. यातलं कुठलं खरं असावं असं मला वाटतं, तेही कळत नाही.

सरू


नारायण पेठ, पुणे
१७ नोव्हेंबर २००१

सरू,

अक्षर वाकडं येतं आहे, समजून घे. कारण पुढे लिहिते.

काल भाऊबीज झाली. चार वाजता अनिरुद्धच्या खोलीत पाट मांडला, भोवती रांगोळी घातली. तबकात निरांजन, सुपारी, अक्षता, वाटीभर चुरमुरे. त्याच्या बहिणीकडे जायचं होतं म्हणून अनिरुद्ध घरी नव्हता. सिनेमा लावला. बाराव्या मिनिटाला फलाट आला. गाडी, बर्फ, गर्दी, ट्रंका सगळं होतं. तो नव्हता. मोकळी जागाही नव्हती, तिथून माणसं सरळ चालत जात होती, जसा तो सिनेमा काढणाऱ्यानं काढला असेल तसा.

मी पुढे जाऊ दिला. शेवटपर्यंत पाहिला. ती गाडी येते, मूठ फिरते आणि संपतो. काल मूठ फिरली आणि सिनेमा संपायच्या आधी माझ्या मागे खोलीच्या दाराची कडी वाजली. मी वळून पाहिलं नाही. पंचविशीतली असते तर पळाले असते. मी पाटाकडे तोंड करून ओवाळलं. ज्योत एकदासुद्धा हलली नाही.

मग तुझं म्हणणं आठवलं आणि तबक घेऊन गॅलरीत गेले. सव्वासहाला चंद्राची कोर दिसली, नखाएवढी. तबक उचललं, पण ओवाळवेना. त्याला एकदा थांब सांगून मी गेले होते. आता जा कुठल्या तोंडानं सांगू. तबक खाली घेतलं आणि आत येऊन पाटाशेजारी बसले. डोळा लागला असावा, पाच-दहा मिनिटं.

उठले तेव्हा माझ्या उजव्या मनगटाला पट्टी होती. रुईफुली काठ, मळलेला, एका बाजूला चिखल वाळलेला. दोन वेढ्यांची सुरगाठ. तिचं दुसरं टोक पाटावर होतं. पाटाच्या पलीकडच्या बाजूला दुसरी पट्टी पडली होती, एक टोक पाटावर आणि एक जमिनीवर, मोकळं. वाटीतले चुरमुरे निम्मे झाले होते.

तू म्हणशील, स्वप्न पडलं. अनिरुद्ध साडेसातला आला आणि दारातूनच म्हणाला, "बाई, हाताला काय बांधलंय?" म्हणजे त्याला दिसते. बराच वेळ तो गाठ निरखत होता. मग आपल्या बुटाची नाडी घेऊन स्वतःच्या मनगटावर तशीच गाठ मारायला बसला. अर्धा तास खटपट केली, जमली नाही. इंजिनीअर आहे, कारण शोधेलच. पण आत जाताना पाटाला वळसा घालून गेला.

एक हिसका दिला तर सुटेल. मी देत नाही. आंघोळीलाही नाही दिला. हाताला जरा रग लागते, आणि मधूनच अगदी हलकी ओढ येते, आपल्याशेजारचं लहान मूल बसल्या बसल्या जागा बदलतं तेवढी.

पाट रात्रीच खाली माझ्या खोलीत आणला, पण पलीकडचं टोक अजून जमिनीवरच आहे.

ताई


इंदूर
२२ नोव्हेंबर २००१

ती. ताईस,

पत्र आज दुपारी मिळालं. यंदा मीही चंद्राला ओवाळलं नाही. तबक घेऊन गच्चीत गेले आणि सगळे विचारेपर्यंत नुसती उभी राहिले. मग खाली येऊन स्वयंपाकघरात पाट मांडला. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. सूनबाई म्हणाली, कुणासाठी, तर सांगितलं, माझ्या भावासाठी. मग तिला आणि सौमित्रला सगळं सांगितलं, चुरमुऱ्यांपासून खांद्यापर्यंत. सौमित्र उठून रिझर्वेशन करायला गेला.

मंगळवारी सकाळी पोचते. तो सोडायला येईल, पण वर मी एकटी येईन. जिना चढायला वेळ लागेल, दार उघडं ठेव.

तोवर गाठ सोडू नकोस. त्यालाही सांग की सरू येते आहे आणि या वेळी अप्पांनी उचलायला हात पुढे केले तरी जाणार नाही.

डाव्या हातातलं घड्याळ आणि बांगड्या काढून ठेवल्या आहेत.

सरू